पहिले महिना सांगा

गयाबाईंना कुठलाही आकडा सांगितला की भुवई चढवून विचारायच्या, "कोण्या महिन्यातला?" एकदा मी मोठ्या कौतुकाने म्हणालो, "माझं वजन उतरलं." तर म्हणाल्या, "मे महिन्यात सगळ्याइचंच उतरते, सर. दिवाळीच्या फराळानंतर सांगजा."

देऊळगाव राजाजवळच्या एका वस्तीवर मी शाळेत शिक्षक, त्या शेजारच्या खोलीत अंगणवाडी सेविका. पोरं कमी झाली म्हणून अंगणवाडी नाल्यापलीकडच्या गावात हलवणार, असं पत्र आलं. मी शहाणपणा केला. गयाबाईंनी घरोघर फिरून केलेल्या पोरांच्या नऊ वर्षांच्या याद्या लॅपटॉपवर जोडल्या आणि वस्ती कशी वाढली ते दाखवायला आलेख काढला. रेष निमूटपणे खाली उतरत गेली! वाचवायला निघालेला मी वस्तीच्याच मुळावर उठलो होतो.

गयाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. "महिने काऊन नाही लिहिले, सर?"

"याद्यांवर नुसतं वर्ष आहे."

"मले याद हाये ना!" त्या पडद्यावरच्या एकेका वर्षावर बोट ठेवत गेल्या. "या वर्षी घरोघरी हुरडा खाल्ला. म्हंजे अर्धी वस्ती ऊसतोडीले, लेकरं संग. अन् या वर्षी आंब्याचा रस खाऊ-खाऊ पोट बिघडलं. तवा सगळे घरी."

हुरडा आणि रसावर सरकारी आलेख? मला हसू आलं. पण यादी शेवटच्या बाळाच्या जन्मानंतर लगेचचीच असणार, म्हणून प्रत्येक यादीतल्या सर्वांत धाकट्या बाळाची जन्मतारीख पाहत गेलो, तर बाईंचा एकही महिना चुकला नव्हता. जुन्या याद्या बहुतेक उन्हाळ्यातल्या, अलीकडच्या हिवाळ्यातल्या. मग उन्हाळ्याला उन्हाळा हिरव्या रेषेने जोडला, हिवाळ्याला हिवाळा लाल रेषेने. दोन्ही रेषा वर चढल्या. मी एकटाच उभा राहून टाळ्या वाजवल्या.

तालुक्याच्या साहेबांनी कागद दोनदा पाहिला. "म्हणजे पोरं कमी झालेली नाहीत?"

"नाही जी. मायबापासंग गेली हायेत. वापस येतात."

अंगणवाडी जागच्या जागी राहिली.

गयाबाई निवृत्त झाल्या तेव्हा सत्कार डिसेंबरात ठरला होता. त्यांनी साफ नकार दिला. शेवटी तो मे महिन्यात झाला आणि मांडव पुरला नाही. माणसं शाळेच्या ओट्यावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कुंपणाच्या भिंतीवर. पोरांचा असा गलका, की माझं भाषण मलाच ऐकू येईना. हारांत बुडालेल्या गयाबाई माझ्याकडे वळल्या. डोळे भरलेले, भुवई मात्र चढलेली.

"आता मोजा, सर."