ही मी, ही मंदा

शेवंतीमावशी आमच्या संघटनेच्या पनवेलच्या कार्यालयात पहिल्यांदा आली ती भांडायला. कार्यालय म्हणजे एका गाळ्यातली दोन टेबलं, एक लॅपटॉप आणि पत्रकांचे गठ्ठे. तिच्या हातात आमचंच पत्रक होतं. गव्हाणच्या बायकांनी रस्ता अडवला होता, त्याचा फोटो आम्ही छापला होता. तिनं त्यावर बोट ठेवलं. "ह्या कोन?"

"आंदोलनात सहभागी महिला," खाली छापलेलंच मी वाचून दाखवलं.

"महिला कुनाचं नाव हाय का? मधे उभी ती मी. बाजूला बायजा. नावं नाय घालायची तर फोटो काढलास कशाला?"

तेव्हापासून नावाशिवाय एकही चेहरा आम्ही छापलेला नाही. कुणीही फोनमधला फोटो पुढे केला की मावशी म्हणायची, "आदी नाव सांग." गेल्या वर्षी ती गेली. तिच्या या हट्टामागे काय होतं ते लिहायलाच हवं, कारण ते मला अजून पचलेलं नाही.

मंदा ही मावशीच्या पाठची बहीण. काविळीनं गेली तेव्हा तिची मुलगी स्नेहा दीड वर्षाची होती. दोघी बहिणी तोंडावळ्यानं सारख्या, आणि त्यात आगऱ्यांची हळद! घरातल्या सगळ्या बायकांना एकाच रंगाच्या, एकाच काठाच्या साड्या, नाकात नथ, गालाला हळद. मंदाच्या नवऱ्यानं, महेंद्रनं, पुतण्याच्या हळदीतला एक फोटो फोनमधून घेतला, मोठा करून आणला आणि बाराव्याला त्याला हार घातला. तो फोटो मावशीचा होता. पाहुण्यांनी भरलेल्या ओटीवर ती स्वतःच्याच तसबिरीसमोर उभी राहिली. पाहुणे पांगल्यावर तिनं महेंद्रला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, "दोघी सारख्याच दिसता, आक्का. ऱ्हाऊ दे."

राहू दे! एक बाई मेली आणि तिचा खरा चेहरा शोधायची तसदी तिच्याच घरानं घेतली नाही. लग्नात वरून ड्रोन फिरवायला पैसे आहेत, नवरदेवाच्या बुटांचे फोटो आहेत. मावशी मात्र हसण्यावारी न्यायची. "जितेपनी हार घालून बसलेय. उदबत्ती पन मिलते."

पण स्नेहा बारा वर्षांची झाली आणि आरसा घेऊन त्या तसबिरीशी आपलं नाक जुळवून बघायला लागली. ते पाहिलं आणि मावशीचं हसणं संपलं. दुसऱ्याच दिवशी ती कार्यालयात आली ती प्लॅस्टिकचा डबा घेऊन. आत घरादाराचे जुने मोबाईल, मेमरी कार्डं, लग्नांचे पेनड्राइव्ह. "पोरीला तिची आई शोधून देयाची हाय," ती म्हणाली. "बस."

लॅपटॉप चेहरे ओळखून फोटो आपोआप वेगळे करतो, असं मी तिला ऐटीत सांगितलं. त्यानं दोघींना एकच बाई ठरवून टाकलं. मावशीनं पडद्याकडे बघितलं. "ह्यो पन महेंद्रचाच भाऊ."

मग एकेक फोटो हातानं. पत्रकांचं काम आटोपलं की आम्ही बसायचो. ती चेहऱ्याकडे फार बघायचीच नाही. तो दिवस आठवायची. "ही मी, चप्पल तुटली म्हनून अनवानी. ही मंदा. ही मी. ही पन मीच, किती मिरवते बघ." एकाच क्षणाचे आठ-दहा फोटो आले की एक ठेवून बाकीचे पुसायला लावायची. मी कचरायचे. "अगं, ती एकदाच हसली व्हती," ती म्हणायची.

'मंदा' नावाचा फोल्डर भरेना. फोन बहुतेक वेळा मंदाच्याच हातात असायचा. सगळ्यांचे फोटो तिनं काढले, तिचे कुणी काढले नाहीत. जे सापडले त्यांत नथ घालून नटलेला एक होता. मी तोच मोठा करू म्हटलं. मावशीनं दुसरा निवडला: चुलीपाशी बसलेली मंदा, केस विस्कटलेले, कपाळाला आठी, तोंड उघडं, हात उगारलेला.

"मावशी, हा भिंतीवर?"

"नटल्यावर आमी दोगी येकच. ही मातर मंदाच."

तसबीर घेऊन आम्ही गव्हाणला गेलो. महेंद्र दारातच आडवा आला. "आता कशाला, आक्का? पोरगी रोज पाया पडते तिच्या."

"माज्या पडते. मी जित्ती हाय. सरक."

स्टुलावर चढून तिनं स्वतःचा फोटो उतरवला, मंदाचा लावला. स्नेहा खोलीच्या कोपऱ्यात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "ही माझी आई नाय," ती म्हणाली. मावशी खाली उतरली आणि जमिनीवर बसली. तिनं स्नेहाला जवळ ओढलं नाही, समजूतही घातली नाही. शेवटी स्नेहाच तसबिरीजवळ गेली.

"कुणावर चिडलेय एवढी?"

"तुज्यावर," मावशी म्हणाली. "खालती कोपऱ्यात बघ. हात दिसतो ना येवढासा? तांदलाच्या पिठात घातलास, सगल्या घरभर पीठ केलंस."

स्नेहानं नाक काचेला लागेपर्यंत वाकून तो हात बघितला. मग ती येऊन मावशीसमोर मांडी घालून बसली.

"काय बोलली मला? सगळं सांग."