नेटची बारी

आमच्या घरी राउटर आला तेव्हा मी त्याला घरातली सगळ्यात सुरक्षित जागा दिली: धानाच्या कोठीमागे. आमच्या कोंढा गावात पत्र्याची कोठी म्हणजे घरची तिजोरीच. सातबारा, दागिने, लग्नातला शालू, जे जे जपायचं ते तिच्या आडोशाला जातं. धूळ बसू नये म्हणून राउटरवर मी क्रोशाचा रुमालही पांघरला. वायर जोडायला आलेला माणूस सांगत होता, की बाई, पत्र्यामागे नका ठेवू. पण मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. सांगायची सवय मला भरपूर, ऐकायची बेताची.

राउटर आणला होता माझ्या सुनेसाठी. ती तुमसरची. नागपूरच्या एका कंपनीसाठी घरी बसून काम करते. दवाखान्यातून घरी गेलेल्या पेशंटना कॉम्प्युटरवरून फोन लावायचा, जखम कशी आहे विचारायचं, पुढच्या तपासणीची आठवण द्यायची. मुलगा माझा चंद्रपूरकडे वीज केंद्रात. तिथं चार जण एका खोलीत राहतात, म्हणून सुट्टीला तेवढा घरी येतो. कंपनीने सुनेला सांगितलं होतं, काही महिने गावातून करून बघा, फोन तुटायला लागले तर नागपूरला ऑफिसात येऊन बसावं लागेल.

म्हणजे सगळं त्या डब्यावर आलं. नेट चाललं तर सून कोंढ्यात, नाही चाललं तर नागपूरला भाड्याच्या खोलीत, आणि मी या घरात एकटी.

सरळच सांगते, मला ती जायला नको होती. हे गेल्यापासून घर इतकं गप्प झालं होतं की मी भांडी मुद्दाम आपटायची. ती आली आणि घराला आवाज आला. दिवसभर भिंतीपलीकडून तिचं बोलणं ऐकू येतं, "आजी, गोळी घेतली का? जेवणाआधीची की नंतरची?" संध्याकाळी कामाचे फोन संपले की तोच प्रश्न ती मला विचारते. पण "जाऊ नकोस" हे मी तिला म्हणू शकत नव्हते. तिचा नवरा लांब, तिचं काम तिचं. सासूने असा शब्द टाकला की तो उचलावाच लागतो, आणि मला तसं नको होतं. मग मी ठरवलं, आपण राउटर शिकायचा.

पहिला धडा कोठीचा. सून हसली नाही. नुसता रुमाल काढला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि डबा मधल्या खोलीत उंच फळीवर ठेवला. "आई, याच्या लहरी पत्र्यातून जात नाहीत. याले मोकळं बसू द्या." तिच्या फोनवरच्या सिग्नलच्या दांड्या लगेच वाढल्या. मला वाटलं, झालं, जिंकलो.

नंतर कळलं, दांड्या म्हणजे फक्त राउटर ते फोन. बाहेरून येणारी वायर मेली असली तरी दांड्या भरलेल्याच दिसतात. मी डब्यावरचे दिवे पाठ केले. लाल दिवा लागला तर भानगड खांबाकडे, वायरवाल्याला फोन करायचा. सगळे हिरवे असून अडकत असेल तर भानगड घरातच. राउटर स्वतः नेट बनवत नाही, आलेलं वाटून देतो, आणि वाटताना चूक होऊ नये म्हणून प्रत्येक फोनला एक नंबर देतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. हे मला झटकन समजलं. हजेरीचा नंबर दिल्याशिवाय मीही कधी खिचडी वाटली नव्हती.

तोवर दिवाळी झाली आणि गावची मंडई आली. मंडई म्हणजे आमच्याकडे घरोघरी पाहुणे, दिवसभर बाजार आणि रात्री नाटक. पाहुणा चपला काढायच्या आत पासवर्ड विचारू लागला. आधी समोरच्या वहिनी आल्या. त्यांचं घरातच किराणा दुकान आहे. "बाई, आमच्या जावयाले नेट पायजे, काय हाय तुमचा पासवर्ड?" मी सांगितला. मग त्यांच्या शेजारच्यांना, मग त्यांच्या पाहुण्यांना. पाहुणे गेले, पासवर्ड गल्लीत राहिला. ओट्याओट्यावर माणसं माझ्या नेटवर सिनेमे बघू लागली, आणि मला त्यात मोठेपणाही वाटला.

आठवडाभरात सूनबाईचे फोन अडकायला लागले. एक म्हातारे गृहस्थ तिच्यावर ओरडले, "तू बोलते का थांबते?" कंपनीतून विचारणा आली. पुढच्या महिन्यात साहेब लोक तिचं काम थेट ऐकणार होते आणि त्यावरून ठरणार होतं, गाव की नागपूर.

"आई, पासवर्ड बदलून टाकू," ती म्हणाली. "दोन मिनिटाचं काम हाय."

दोन मिनिटांचंच होतं. पण मला जमेना. हे आजारी होते तेव्हा याच गल्लीने त्यांना खाटेसकट उचलून गाडीत घातलं होतं. पावसात आमचं धानाचं रोवणं राहिलं तर गल्लीतल्या बायांनी आधी आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोप लावलं, मग आपापल्या. समोरच्या वहिनींनी किती दिवस जेवणाचा डबा पाठवला त्याचा मी कधी हिशोब ठेवला नाही, त्यांनी तर नाहीच. त्या लोकांच्या तोंडावर दार लावायचं? आणि नाही लावलं तर सून जाते. रागाने मी राउटरलाच दोन शब्द सुनावले.

तेव्हा सुनेने बँडविड्थ समजावली. एका वेळी वायरीतून किती माल जाऊ शकतो, त्याचं ते माप. सगळ्यांनी एकदम ओढलं की प्रत्येकाला थेंब थेंब. मी म्हटलं, "अगं, ही तर तलावाची नहर झाली!"

आमच्या भागात धान तलावाच्या पाण्यावर पिकतं. तलावातून निघणारी नहर एक, बांध्या पुष्कळ. म्हणून पाण्याची बारी लागते. आज याची, उद्या त्याची. ज्याची बारी असते त्याच्या बांधीत पाणी जातं, बाकीचे आपापल्या बांधीचं तोंड मातीने बुजवून बसतात. त्यात कोणाचा अपमान नसतो. दुसऱ्याच्या बारीत पाणी फोडलं तर मात्र गावात मान वर करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीत निघाले. पासवर्ड बंद करते असं कुठंच म्हटलं नाही. ओट्यावर बसायचं, चहाला नाही म्हणायचं, मग दिलेला चहा प्यायचा आणि सांगायचं, "नहर बारकी हाय. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत बारी माह्या सुनेची. सहाच्या नंतर गल्लीची."

मला वाटलं होतं, तोंडं वाकडी होतील. पण समोरच्या वहिनींनी तिथल्या तिथं फोन काढला आणि माझ्याकडून वायफाय बंद करून घेतलं. "इतकंच ना? आधी काहून नाई सांगतलं बाई? आमाले काय मालूम, पोरीच्या कामाचं पानी आमी पिऊन राहिलो म्हून!" मी घरी आले ते भरलेल्या मनाने. इतकी वर्षं या लोकांत राहून मी त्यांना कमी ओळखत होते.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. सूनबाईला समोरचं बोलणं नीट ऐकू येत होतं, पण तिचा आवाज पलीकडे तुटत होता. माझं डोकं फिरलं. कोणीतरी बारी मोडली! मी पदर खोचला आणि कोणाच्या घरी आधी जायचं याचा विचार करत दारात गेले.

"थांबा आई," सून म्हणाली. तिने कॉम्प्युटरवर राउटरचं पान उघडलं. तिथं जोडलेली सगळी यंत्रं दिसतात आणि कोण किती ओढतंय तेही. गल्लीतलं एकही नव्हतं. दोनच होती. एक तिचा कॉम्प्युटर. दुसरं धबधब्यासारखं काहीतरी वर पाठवत होतं.

तो माझा फोन होता.

मंडईत मी झाडीपट्टीचं नाटक पहिल्या घंटेपासून शेवटपर्यंत फोनमध्ये घेतलं होतं. फोन साठवण भरली म्हणून कुरकुरला, तेव्हा कुठलंसं "होय" मी दाबलं होतं. आता तो अख्खं नाटक, राजा-प्रधानासकट, एकेक करून वर, क्लाउड म्हणतात त्या आभाळातल्या साठवणीत चढवत होता. सुनेने सांगितलं, यायची वाट रुंद असते, जायची अरुंद, आणि ती माझ्या नाटकाने भरून गेली होती. म्हणून तिला ऐकू येई पण तिचं पोचत नसे. सांगताना ती हसू दाबत होती, मग दाबेना. मीही हसले. त्या घरात आम्ही दोघी पोट धरून हसलो असं बऱ्याच दिवसांनी झालं.

वहिनींना मी हे स्वतःच सांगितलं, कारण नाही तरी कळलंच असतं. "गल्लीभर पानी अडवलं अन् भोक घरच्याच बांधीले!" त्या म्हणाल्या, आणि पुढे आठ दिवस दुकानात येईल त्याला हेच सांगितलं. ऐकून घेतलं. हक्क होता त्यांचा.

साहेब लोक काम ऐकणार होते तो दिवस आला. सून देवाला नमस्कार करून बसली. मी माझा फोन बंद करून कोठीवर ठेवला आणि फळीखाली स्टुलावर बसून राहिले, नजर दिव्यांवर. सगळे हिरवे. आतून तिचा आवाज येत होता, "काका, चालताना धाप लागते का?"

आणि लाइन गेली. पंखा थांबला. डब्यावरचे दिवे सगळे एकदम विझले. कॉम्प्युटरला स्वतःची बॅटरी होती, राउटरला काहीच नव्हतं. आतलं बोलणं मध्येच तुटलं आणि सूनबाई "हॅलो? हॅलो?" म्हणू लागली. इतके दिवस मी दिवे, नंबर, लहरी, काय काय पाठ केलं, आणि हा डबा विजेवर चालतो एवढंच विचारात घेतलं नव्हतं.

मी दाराकडे धावले तर समोरून वहिनी येत होत्या. हातात वायरचा लांब बोर्ड, मागे गल्लीतून लोळत येणारी वायर. दुकानाच्या फ्रिजसाठी त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे. "फ्रिज बंद केला म्या. लावा लवकर. पोरीची बारी हाय ना आज?"

पिन मीच खोचली. दिवे एकेक करून लागले, शेवटचा हिरवा व्हायला फार वेळ लावला त्याने. मग आतून आवाज आला, "माफ करा काका, लाइन गेली होती. हं, धाप लागते का?" बाहेर गल्लीत दोघं जण वायरीजवळ उभे होते, गाडी-सायकल वरून जाऊ नये म्हणून. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारनंतर सून बाहेर आली. "आई, झालं. लाइन गेल्यावर इतक्या लवकर कशी आली, विचारून राहिले होते. मी सांगतलं, आमची गल्ली हाय म्हून." मग म्हणाली, "घरूनच करा म्हणाले. चालंल ना तुमाले?"

चालेल का म्हणे! मी "गोळी घ्यायची राहिली माझी" असं काहीतरी बोलले आणि, लाइन परत आली होतीच, बोर्ड परत करायला निघाले. वायर गुंडाळत गुंडाळत गल्ली ओलांडली. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी बोर्ड त्यांच्या मांडीशी ठेवला. डोळे भरून वाहायला लागले.

वहिनींच्या हातातलं सूप थांबलं. "काय झालं बाई? चालली का सूनबाई?"

"नाई," मी म्हटलं. "राहते म्हणते."