डाव्या हाताची चिठ्ठी

कप जरा खाली ठेवा. नाही, ठेवाच! मागे ही गोष्ट ऐकताना एकाला असा ठसका लागला की त्याच्या बायकोने मलाच बोल लावला. माझा हा गाढवपणा मी फार थोड्यांना सांगितलाय. त्यांनी पुढे कोणाकोणाला सांगितला असेल, याचा मला अजून संशय आहे.

हो, संशय! तो माझा जुना आजार. दूधवाला हसून बोलला की मी आधी दूध हुंगायचो. कोणी "काय, बरं आहे ना?" विचारलं की वाटायचं, याला काहीतरी कळलेलं दिसतं. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचो, परत येऊन ते ओढून बघायचो, आणि शेजारी बघत असला तर तो का बघतोय म्हणून आणखी एकदा ओढायचो.

सत्तर सालानंतरची गोष्ट आहे ही. मी मूळचा नरखेडकडचा, नागपुरात एका कचेरीत कारकून. नंदनवनात दोन खोल्या, त्यात मी आणि माझी बायको रूथ. रविवारी आम्ही चर्चला जायचो. मी शेवटच्या बाकावर बसायचो आणि शेवटचं गीत संपायच्या आत बाहेर पडायचो. का? अहो, भक्ती संपली की लोक दारात उभे राहून चौकशा करतात ना!

तर झालं काय, रूथच्या पोटात कळा यायला लागल्या. दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई मोठ्या खमक्या. म्हणाल्या, "पित्ताशयात खडे आहेत. सोमवारी भरती करा, शुक्रवारी ऑपरेशन. रक्त द्यायला दोन-तीन माणसं आणा. आणि नंतर आठवडाभर पेशंटजवळ बसायला एखादी बाई लागेल."

माझं रक्त तपासलं. जुळलं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि हे आत्ता कळत होतं!

घरी आल्यावर रूथ म्हणाली, "मंडळीले सांगा ना." आमच्यात चर्चच्या साऱ्या माणसांना मिळून मंडळी म्हणतात.

"काहून सांगू? आज सांगतलं की उद्या साऱ्या नागपूरले मालूम होईल."

"मंग होऊ द्या ना. माणसंच तं येतीन, वाघ थोडीच येणार हायेत?"

"तुले नाही समजत वं. आज रक्त देतीन, उद्या उपकार काढतीन. त्या बाया तुझ्या रांधणीत शिरून डबे उघडून पाहतीन. कोणाले एक अक्षर बोलायचं नाही. घे शपथ!"

ती म्हणाली, "घेतली."

पण रक्त तर पाहिजेच होतं! बायको होती हो ती माझी. तिला काही झालं तर मी काय त्या कुलपाशी बोलत बसणार होतो? शनिवारी दिवसभर मी दोन खोल्यांत येरझारा घालत होतो. आणि अशा वेळी माझ्या डोक्यातून एक नामी युक्ती निघाली.

आमच्या चर्चच्या व्हरांड्यात एक लाकडी प्रार्थनापेटी होती. कोणाला काही अडचण असली तर कागदावर लिहून आत टाकायची, नाव घालायचं नाही. दर बुधवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा भरायची आणि तिथे दाऊदकाका त्या चिठ्ठ्या वाचायचे. दाऊदकाका म्हणजे मंडळीतले वडील माणूस. चिठ्ठी वाचली की सगळे डोळे मिटून प्रार्थना करत, आणि आमेन झालं की उठून कामाला लागत. कोणी डबा करे, कोणी पेशंटजवळ बसे. नाव नसताना माणूस कळायचा कसा? अहो, दाऊदकाका प्रत्येकाचं अक्षर ओळखायचे! बाप्तिस्म्यापासून लग्नापर्यंत मंडळीच्या साऱ्या सह्या त्यांच्यासमोर झालेल्या.

आता मला हे माहीत होतं. म्हणून मी चिठ्ठी लिहिली ती डाव्या हाताने! "एका घरी ऑपरेशन आहे. रक्त पाहिजे. दवाखान्यात सोबतीला माणूस पाहिजे. नाव विचारू नये." पेशंट बाई आहे हेसुद्धा लिहिलं नाही, तेवढ्यावरून कोणी ताडलं तर? रविवारी ती गुपचूप पेटीत टाकली. म्हटलं, सभेत कोणीतरी "मी देतो" म्हणेलच. मग त्याला हळूच बाजूला घेऊ आणि कानात सांगू. आहे की नाही डोकं?

सोमवारी रूथला भरती केलं आणि शेजारीपाजारी सांगून टाकलं की ती माहेरी गेली. बुधवारी कधी नव्हे ते प्रार्थनासभेला हजर झालो. सभा दाऊदकाकांच्याच घरी होती. मला बघताच तिथे जरा चुळबूळ झाली.

"शमुवेलभाऊ! आज इकडे कसे?" सुवार्ताबाईंनी विचारलं. या सुवार्ताबाई शाळेत शिकवायच्या. आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला पोरगा उठून उभा राहावा. "आन् रूथ नाही आली?"

"माहेरी गेली," मी म्हणालो.

"हो का?" त्या म्हणाल्या. त्यांच्या त्या 'हो का'वर मी पुढची दहा मिनिटं विचार करत बसलो.

दाऊदकाकांनी चिठ्ठ्या काढल्या. तिसरी माझी. त्यांनी ती वाचली, मग कंदिलाजवळ नेली, चष्मा काढला, परत लावला. "बाप्पा! हे कोणाचं अक्षर हाय? कसं वाकडंतिकडं!"

कागद हातोहात फिरला. माझ्याकडेही आला. मी तो अगदी पहिल्यांदाच बघितल्यासारखा उलटा-सुलटा करून पाहिला.

"थरथरत्या हाताचं हाय हे," दाऊदकाका म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाचं."

"फिलिपमामा!" एकदम दोघंतिघं ओरडली.

फिलिपमामा म्हणजे आमच्या मंडळीतले एकटे राहणारे म्हातारे. हात कापायचे त्यांचे. आणि नेमके त्या दिवशी ते सभेला आलेले नव्हते!

आता इथे मी तोंड उघडायला पाहिजे होतं की नाही? पण मला काय वाटलं सांगू? वाटलं, हा सापळा आहे! यांनी मला ओळखलंय आणि मुद्दाम म्हाताऱ्याचं नाव घेताहेत, मी चुळबुळ करतो का ते बघायला. मी दगडासारखा बसलो.

"तुमाले काय वाटते शमुवेलभाऊ?" दाऊदकाकांनी विचारलंच.

"हाव, म्हाताऱ्याचंच दिसते," मी म्हणालो. माझीच चिठ्ठी, माझ्याच तोंडाने मी दुसऱ्याला देऊन टाकली!

प्रार्थना झाली. इतकी कळकळीची प्रार्थना मी तोवर ऐकली नव्हती. दोन बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते फिलिपमामांसाठी नव्हतं. आमेन झालं आणि सगळी वरात निघाली मामांच्या घराकडे. मीपण निघालो, मागे राहिलो असतो तर संशय आला असता ना!

मामा स्टोव्हवर पिठलं हलवत बसले होते. दारात बारा-तेरा माणसं बघून हातातला चमचा तसाच राहिला.

"काय झालं गा? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं मामा," दाऊदकाका म्हणाले. "लाजू नका. आमाले सारं समजलं. ऑपरेशन हाय ना तुमचं?"

मी मनात म्हटलं, चला, सुटलो! आता हे नाही म्हणणार, सगळे परत जाणार, आणि मी उद्या दुसरी युक्ती काढणार. पण मामांचा चेहरा पांढराफटक पडला. चमचा पिठल्यात बुडाला.

"कोण्या चोट्ट्यानं सांगतलं तुमाले?"

अहो, म्हाताऱ्याला खरंच हर्निया होता! तीन वर्षं पोटाला पट्टा बांधून, कोणाला कळू न देता दिवस काढत होता. ऑपरेशनची भीती, आणि त्याहून जास्त भीती म्हणजे आपल्यामुळे चार लोकांना ताप होईल याची. ते सारखे विचारत होते, "पण तुमाले समजलं कसं? मी तं भिताडालेही नाही सांगतलं!" आणि सगळी मंडळी एकमेकांकडे बघून मान डोलवत होती. मी तर थिजलोच. थाप मारली आणि ती खरी निघाली, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय?

मग काय, तिथेच ठरलं. पाच जण रक्त देणार, उद्या सकाळी मामांना रिक्षात घालून दवाखान्यात न्यायचं. कोणत्या? डॉक्टरीणबाईंच्या, अर्थात! आणि मामांजवळ बसायला कोण? सुवार्ताबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "शमुवेलभाऊ बसतीन. रूथ माहेरी हाय, घरी एकटे काय करून राहिले?"

गुरुवारी सकाळी दवाखान्याच्या मागच्या खोलीत पाच जण बाह्या सरसावून ओळीने बसले. पहिले दाऊदकाका. मामा आपले बाकावर, माझा हात घट्ट धरून. आणि दोन भिंतींपलीकडे रूथ झोपलेली, उद्याच्या ऑपरेशनची वाट बघत. एकदा रक्त दिलं की तीन महिने परत देता येत नाही, एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे ही पाच माणसं उठली की माझ्या बायकोचं रक्त गेलं!

आता तरी बोल की रे, असं तुम्ही म्हणाल. मीही मनात तेच म्हणत होतो. घसा खाकरला. दोनदा खाकरला. पण वाटलं, हे काय म्हणतील? खोटारडा म्हणतील. सुवार्ताबाई तर दाराशीच उभ्या! कंपाउंडरची सुई दाऊदकाकांच्या दंडापाशी आली. आणि मी? मी भिंतीवरची 'थुंकू नये' ही पाटी वाचत होतो.

तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टरीणबाई! त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओळीने बसलेल्या माणसांकडे बघितलं आणि एवढ्या मोठ्याने बोलल्या की पलीकडचे पेशंट उठून बसले असतील.

"वा, शमुवेल! एवढी माणसं घेऊन आलात? छान! तुमच्या मिसेसच्या रक्ताची सोय झाली!"



"कोणाच्या मिसेसच्या?" दाऊदकाका म्हणाले. "रक्त तं मामाले पाहिजे ना? हर्नियाचं ऑपरेशन..."

"हर्नियाला कशाला लागतंय रक्त? यांच्या मिसेसला लागणार आहे. उद्या ऑपरेशन आहे तिचं, सोमवारपासून वॉर्डात आहे."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. फिलिपमामांनी माझा हात सोडला. दाऊदकाकांनी दुसऱ्या हाताने खिशातून ती चिठ्ठी काढली, चिठ्ठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"डाव्या हातानं लिहिली," मी म्हणालो.

मला वाटलं, आता उठतील आणि निघून जातील. त्यांच्या जागी मी असतो तर गेलो असतो. पण सुवार्ताबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "पहिले रूथले पाहू. तुमाले मंग पाहतो!" आणि दाऊदकाकांनी कंपाउंडरला सांगितलं, "अरे, थांबला काहून? घाल सुई!"

लाज वाटली हो. इतकी लाज वाटली की मी व्हरांड्यात जाऊन खांबाकडे तोंड करून रडलो. मामा मागून आले आणि कापऱ्या हाताने माझी पाठ थोपटत बसले. त्यांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झालं, आणि त्यांच्याजवळ मीच बसलो, कोणी न सांगता.

रूथचं ऑपरेशन नीट झालं. तिच्याजवळ बसायला बायकांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. मला तर आत जायलासुद्धा सुवार्ताबाईंची परवानगी घ्यावी लागली. रविवारी दुपारी दहा मिनिटं मिळाली. मी रूथला सगळं कबूल केलं. पेटी, डावा हात, मामा, 'थुंकू नये'ची पाटीसुद्धा.

ती पोट धरून हसायला लागली. "हसवू नका वो, टाके दुखून राहिले!"

आणि मग माझ्या त्या मेल्या स्वभावाने परत डोकं वर काढलं. डॉक्टरीणबाई नेमक्या त्याच वेळी कशा आल्या? एवढ्या मोठ्याने कशा बोलल्या?

"खरं सांग वं," मी म्हणालो. "तू कोणाले सांगतलं होतं?"

"मंडळीतल्या कोणालेच नाही. शपथ घेतली होती ना." तिने चादर नीट केली. "फक्त डॉक्टरीणबाईले म्हणलं होतं, आमच्या यांच्यासोबत चार माणसं दिसली का मोठ्यानं बोलून टाका. हे सोताहून बोलणार नाहीत."

"आन् चार माणसं आलीच नसती तं?"

"येतेतच ना मंडळी," ती म्हणाली. "मले भरोसा फक्त तुमचाच नव्हता."