मालनमावशींनी ठमीला न्हाऊ घातलं

बाळकुमच्या आमच्या इमारतीत मालनमावशींच्या हाताखालून न गेलेलं एक बाळ शोधून दाखवा, मी मिशी उतरवतो. बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालण्यात त्यांचा जन्म गेला. आता सुना मोबाइलवर व्हिडिओ बघून बाळं न्हाणतात, आणि मावशी घरी ठमीशी गप्पा मारतात. ठमी म्हणजे त्यांची लाडकी कोंबडी. अंडं घालत नाही, नुसती तोऱ्यात फिरते. आमच्याकडच्या एका काकूंचं नाव तोंडात आलं होतं, पण जाऊ दे.

परवाच्या रविवारी सोसायटीचा सेक्रेटरी गुरुदत्त दारात येऊन सांगून गेला, "मावशी, वासाची तक्रार आलीय. संध्याकाळी कमिटी घेऊन येतो. वास आला, तर कोंबडी गावाला."

"गावाला? मारुतीभावजींकडे? अरे, ते तिला पाणी पाजायच्या आधी मसाला वाटतील!"

मग काय! दुपारी मावशींनी पदर खोचला, पाय पसरून पाटावर बसल्या, ठमीला पायांवर आडवी घेतली आणि हाताच्या सवयीनं आधी काय लावलं? तेल! वाटीभर कोमट खोबरेल, मानेपासून शेपटापर्यंत चोळून. वर डाळीचं पीठ. पिसं अशी चिकटली, की आता फक्त कढई चढवायची बाकी!

ठमीचा आरडाओरडा ऐकून शेजारची पार्लरवाली अक्षदा धावत आली.

"अहो मावशी, मॅरिनेट केलंत की हिला!"

"अगं, बाळाला आधी तेलच लावतात."

"बाळाला पिसं असतात का?"

मग भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी. एकदा धुतली, दोनदा धुतली, तरी तेल सुटेना. मी दारात उभा राहून मोलाच्या सूचना करत होतो, तर मलाच टॉवेल धरायला लावला. ठमीनं नेमके माझ्या तोंडावर पंख झाडले. दोघी खिदळल्या.

शेवटी अक्षदानं पार्लरचा ड्रायर आणला. आणि काय सांगू! मंद गरम वाऱ्यात एकेक पीस उठायला लागलं. मान फुलली, छाती फुलली, बघता बघता ठमी दुप्पट! डोळे मिटून स्वतःच दुसरा पंख पुढे करू लागली.

"नवऱ्यासुद्धा एवढ्या गुणी बसत नाहीत हो," अक्षदा म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. गुरुदत्त, मागे कमिटी, सगळ्यांच्या नाकावर रुमाल.

"धर," म्हणत मावशींनी ती गरमागरम कोंबडी त्याच्या हातातच दिली. "हुंग आता."

गुरुदत्तनं भीत भीत नाक नेलं. रुमाल खाली आला. पुन्हा नेलं. ठमीनं त्याच्या काखेत चोच खुपसली आणि ढाराढूर झोपली. बिचारा तसाच अवघडून सोफ्यावर टेकला.

"साहेब, तक्रारीचं काय?" मागून कुणीतरी खेकसलं.

"शूऽऽ! झोपलीय ती."

"मग गावाला पाठवायची?" मावशींचाही आवाज आपोआप खाली आला.

"काही नको. राहू दे इथंच," गुरुदत्त कुजबुजला. "फक्त कुणीतरी घ्या हो हिला, हाताला मुंग्या आल्यात."

कुणी घेतली नाही. कमिटीनं चहा घेतला, तोही भुरका न मारता.