वर्लीनची मिटलेली बोटं

मे महिना सरत आला, की वर्लीन टकेट मिसिसिपीच्या किनाऱ्यावरचं आपलं घर बंद करायची, मांजर शेजारणीच्या गळ्यात घालायची आणि गाडी थेट लास व्हेगासकडे हाकायची. पोकरची ती दरवर्षीची मोठी स्पर्धा भरली, की देशभरातले डीलर, म्हणजे पत्ते वाटणारे, तिथे गोळा होत. चौघांत एक घर भाड्याने घ्यायचं, बाहेरच्या भट्टीतून हॉलच्या गारठ्यात शिरायचं आणि टोप्या, काळे चष्मे चढवून बसलेल्या हजारो माणसांना पत्ते वाटायचे. याला सुट्टी म्हणणारी बाई वेडीच म्हणायला हवी. पण गावी ती टकेटची विधवा होती. इथे ती वर्लीन होती, आणि तिने पत्ता टाकला की तो खेळाडूच्या पुढ्यात जाऊन निमूट थांबायचा.

त्या वर्षी मात्र हाताने दगा दिला. हिवाळ्यात उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वळू लागलं, आणि वळलं ते वळलंच. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करावी लागेल, मग उन्हाळाभर हात पट्टीत. वर्लीन म्हणाली, उन्हाळा झाल्यावर बघू. पत्ता टाकायला अंगठा आणि पुढची दोन बोटं पुरतात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने इतका सराव केला, की डीलरांच्या चाचणीत कुणाला काही कळलंसुद्धा नाही.

अडलं ते भलतीकडेच. डीलर टेबलावरून उठला, की टाळी वाजवून दोन्ही तळवे छतावरच्या कॅमेऱ्याला उघडे करून दाखवतो. हातात एकही चिप, म्हणजे पैशांऐवजी खेळतात ती चकती, लपवलेली नाही, एवढंच त्यातून सांगायचं असतं. वर्लीनचा डावा तळवा छान उघडायचा. उजवा उघडेना. खरं सांगून टाकायचं की नाही? पण घरी पाठवतील या भीतीने बाईसाहेबांनी युक्ती काढली: टाळी वाजवायची, डावा हात ऐटीत दाखवायचा, उजवा ओझरता फिरवायचा आणि लगबगीने पुढच्या टेबलाकडे सटकायचं. चोर नेमकं असंच करतो! सगळं आयुष्य या धंद्यात काढलेल्या बाईला हे कळू नये म्हणजे कमाल आहे.

एका दुपारी डीलरांचे साहेब दुआर्ते यांनी तिला कॉफीच्या यंत्रापाशी बोलावलं. शेजारी टेनेसीचा ऑर्विल प्रॅट लालबुंद चेहऱ्याने उभा होता. दर अर्ध्या तासाने डीलर टेबल बदलतात, आणि वर्लीनच्या खांद्यावर थाप मारून तिची जागा घेणारा तो हाच.

"वर्लीनबाई, उजवा हात उघडा," दुआर्ते म्हणाले.

"कुणी कागाळी केली?"

"मी," ऑर्विल पुटपुटला. "तुम्ही हात झाकता, बाई. रोज. मी काय समजायचं?"

चोर हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण वर्लीनच्या कानशिलांपर्यंत तो पोचला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने हात पुढे केला.

"यापेक्षा उघडत नाही. आता झालं समाधान?"

दुआर्तेंनी ती दोन बोटं हलकेच ओढून पाहिली. "माझं झालं. पण वर कॅमेऱ्यावर बसलेल्याला नुसती मूठ दिसते. उद्या एखाद्या खेळाडूची चिप हरवली तर नाव तुमचंच येणार. घरी जा, हात नीट करून घ्या. पुढच्या वर्षी या."

"पुढच्या वर्षी दुसरा वाकला तर? पत्ते टाकताना चुकले का मी कुठे?"

"पत्त्यांचा प्रश्नच नाही हो."

वर्लीनचे डोळे भरून आले आणि त्याचाच तिला राग आला. त्या रागातच तिने ऑर्विलच्या खिशातलं पेन उपसलं आणि मिटलेल्या बोटांच्या पोकळीतून आरपार ढकललं.

"आत काही असतं तर हे गेलं असतं का? पेन नको तर बोट घालू दे यालाच. संशय याचा ना? मग दर वेळी यानेच तपासावं, कॅमेऱ्याखाली, सगळ्यांच्या देखत!"

"मी? सगळ्यांसमोर तुमची झडती घेऊ?" ऑर्विल घाबरला.

"चहाडी करताना नाही वाटली ती लाज?"

दुआर्तेंना हसू आवरेना. त्यांनी वरच्या कॅमेरावाल्यांना फोन लावला, बराच वाद घातला आणि मग सांगितलं, "आज एकदा करून बघू. वरच्यांना पटलं नाही, तर उद्या सामान आवरायचं."

संध्याकाळी ती टेबलापाशी बसली. पत्ते बिनचूक पडत होते. अर्धा तास झाला. खांद्यावर थाप पडली. ती उठली, टाळी वाजवली, डावा तळवा दाखवला आणि उजवा हात टेबलावर सर्वांपुढे धरला. खेळ थांबला. सगळे बघू लागले.

"माफ करा, बाई," ऑर्विल कुजबुजला.

"माफी मागाहून माग. आधी बोट घाल."

त्याने तर्जनी आत घातली, पलीकडून बाहेर काढली आणि कॅमेऱ्याकडे बघून हलवली.

"साखरपुडा झाला की काय?" एक टोपीवाला ओरडला.

"याच्याशी? हा भांडीसुद्धा घासत नाही!" वर्लीन म्हणाली, आणि टेबल खदखदून हसलं.

टेबलांभोवतीच्या कठड्यापाशी दुआर्ते फोन कानाला लावून उभे होते. वर्लीन त्यांच्याकडे बघत राहिली. हसण्याच्या गलक्यात त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी फोन खाली केला.

"वर स्वच्छ दिसलं म्हणतात. आता पुढच्या टेबलावर पळा, बाई, तिथला डीलर खोळंबलाय."

ती गेली, बसली आणि पत्ते पुढे ओढले. समोरच्या म्हाताऱ्या खेळाडूची नजर तिच्या हातावर पडली.

"हाताला काय झालं हो?"

सबंध उन्हाळ्यात हा प्रश्न तिने कुणाला विचारूच दिला नव्हता.

"बोटं वाकलीत. उघडत नाहीत," वर्लीन म्हणाली, आणि तिने पत्ते पिसायला घेतले.