नुसतं चालायला निघालेले बाबा

माझे बाबा सिरियस असल्याची बातमी गावभर मीच पसरवली, आणि तीही कुणाला काही न सांगता.

बाबा गवंडी. उन्हाळ्यात परांचीवरून पडले, खांदा दुखावला. खांदा बरा झाला, पण बाबा कामावर गेलेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसायचे. विचारलं तर "काई न्हाई", एवढंच. मी नांदेडला कॉलेजात शिकते (घरातली पहिलीच, त्यामुळे माझ्या शब्दाला नको तेवढा मान आहे). तिथं एका मॅडमनी मन बरं राहावं म्हणून रोजच्या साध्या गोष्टी सांगितल्या होत्या. चाला, ऊन घ्या, सावकाश श्वास घ्या, बोला. सुट्टीत हदगावजवळच्या आमच्या गावी आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बाबांना उठवलं.

आमच्या गावात सकाळी माणूस कुठंतरी जातो, नाहीतर कुठूनतरी येतो. नुसता चालत नाही. हे मी शहरात राहून विसरले होते. किराणा दुकानापुढे कोंडिबाकाका भेटले.

"कुठं चाललाव, गवंडी?"

मीच म्हणाले, "कुठंच नाही काका. नुसतं चालून राहिलो."

"नुसतं?" काकांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी बाबांचा हात धरला होता (प्रेमानं).

पुढे विजेच्या खांबापाशी बाबांना उन्हात उभं केलं. डोळे मिटायला लावले, तोंडानं हळूहळू श्वास सोडायला सांगितलं. नेमकी तेव्हाच हदगावची जीप शेजारून गेली. गच्च भरलेली.

दुपारपर्यंत अंगणात चपला मावेनात. केळी आली, बिस्किटं आली. आई शेजारणीकडे साखर मागायला गेली, तर शेजारीण आमच्याच घरात बसलेली. बाबांची थोरली बहीण, आक्का, हिमायतनगरहून आली ती दारातूनच रडत. बाबा पोहे खात होते.

"आक्के, जित्ता हाय मी."

"मग फोनवर तसं का सांगितलं लोकायनं? भाड्याचे पैसे गेले की माझे."

बाबा हसले. मी आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे.

आजाऱ्याला भेटायला आलेल्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. "काई न्हाई" म्हणून सुटका नसते, चहा होईपर्यंत कुणी हलत नाही. म्हणून बाबा सांगू लागले. दुपारच्या पाहुण्यांना सांगताना ते पहिल्या मजल्यावरून पडले. माणसं बदलत गेली तसे मजले चढत गेले. संध्याकाळी बाबा पाण्याच्या टाकीवरून पडत होते, तेही दोन्ही हात वर करून!

मग मध्येच थांबले. खाली बघत म्हणाले, "खांद्याचं काई न्हाई. वर चढायचं म्हणलं की भ्या वाटून राहिलं मला."

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिले. हे वाक्य आमच्या घरात कुणीच ऐकलं नव्हतं.

कुणी हसलं नाही. कोंडिबाकाका म्हणाले, "वाटणारच की. मला बी वाटलं असतं."

आक्का म्हणाली, "मग खालची कामं कर. समदं गाव काय टाकीवर बांधायचं हाय?"

या माणसांना कुठल्या मॅडमनी शिकवलं होतं, मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा आपणहून चपला घालत होते. मी धडपडत उठले.

"तू नगं येऊ," बाबा म्हणाले. "तू हात धरलास की मी आजारी दिसतो."

मी परत पांघरुणात शिरले. मन बरं राहायला पुरेशी झोपही लागते, असं मॅडम म्हणाल्याच होत्या.