ओटा तेवढा बारीक

गुणवंतरावांना लटारू पहिल्यांदा नीट दिसला तो कॉम्प्युटर अडकला त्या दिवशी. चंद्रपुरातल्या त्यांच्या ऑफिसात तो नकाशे काढायला लागून महिना होत आला होता. पण मान खाली घालून बसणाऱ्या माणसाकडे लक्ष जातं कोणाचं? मूल गावाजवळच्या एका मच्छीमार सोसायटीचा मासळीबाजार बांधायचा होता. लटारूनं स्क्रीनवर त्याच्या छपराचं एकेक कवेलू वेगळं रचलं होतं आणि दाराच्या बिजागरीत स्क्रूसुद्धा पिळले होते. माऊस हलायला तयार नव्हता.

"स्क्रू कोण पाहणार आहे?" गुणवंतरावांनी विचारलं.

"दार त्याच्यावरच टांगलं राह्यते ना, साहेब."

गुणवंतरावांनी समजावलं की या सॉफ्टवेअरमध्ये ढोबळ, मध्यम आणि बारीक अशा पायऱ्या असतात. ढोबळ केलं म्हणून काढलेलं पुसलं जात नाही, फक्त दिसेनासं होतं. सोसायटीसमोर मशीन अडकलं तर दुसरीकडे काम बघायचं, हेही त्यांनी त्याच सुरात सांगितलं.

लटारूनं ते मनावर घेतलं. रविवारी सोसायटीची मंडळी येऊन बसली, तेव्हा स्क्रीनवरचा बाजार आगपेटीसारखा दिसत होता. अध्यक्ष बुधरीबाई लटारूच्याच गावच्या. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे त धानाचं गोदाम हाये गा, लटारू. मासोळी तोलाचा ओटा कुठी हाये?"

"हाये ना बाई. लपवून ठेवलो."

"ओटा काऊन लपवाचा? चोरीचा हाये का तो?"

मंडळी हसली. काम मूलच्या इंजिनिअरलाच द्यावं, असंही मागून कोणी बोललं. लटारूचा हात 'बारीक'वर गेला आणि तिथंच थांबला. त्यानं साहेबांकडे पाहिलं.

गुणवंतरावांनी खुर्ची पुढे ओढली. "बाकी सगळं ढोबळच राहू दे. एकटा ओटा बारीक कर."

आगपेटीच्या पोटात ओटा उघडला: त्याचा उतार, नाली, नालीवरची जाळी, वर काटा टांगायचा आकडा. मशीन चालत राहिलं. बुधरीबाई म्हणाल्या, जाळीची भोकं मोठी आहेत, मांजर पंजा घालेल. त्यावर जेवणाची वेळ टळेपर्यंत वाद झाला. भिंतींबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. काम मिळालं.

लटारू अजून त्याच ऑफिसात आहे. मूलला त्यानं घर बांधलं, तिथून रोज एसटीनं येतो. न्हाणीच्या नालीवर बारीक जाळी बसवली आहे. पुढच्या दाराला बिजागरी अजून बसायची आहे. दार भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं.